मोरसास गेलेला धाकटा : जुन्या मृत्युपत्रावरून परदेशी गेलेल्या पूर्वजाचा माग

कौलारू
शनिवार, रात्री १०:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आमचं मूळ घर राजापूर तालुक्यात. गणपतीला सगळे जमलो होतो तेव्हा काकांनी देवघरामागची पत्र्याची पेटी उघडली. आत जमिनीचे कागद, पावत्या, एक फाटकं पंचांग आणि चार घड्या घातलेला मोडी कागद. घडीवर शाई विरलेली, एका कोपऱ्यात वाळवीने नकाशा काढलेला.

कागद नवा नाही, म्हणजे आम्हाला ठाऊक होता. माझ्या खापरपणजोबांच्या थोरल्या भावाचं ते मृत्युपत्र. त्याला मूलबाळ नव्हतं. वीस वर्षांपूर्वी एका जाणकारांकडून वाचून घेतलं होतं, तेव्हा कळलं की तिघा भावांतला धाकटा 'मोरेस गेला', म्हणजे मोऱ्यांकडे दत्तक गेला. आजोबा आधीपासून हेच सांगत, म्हणून कोणी शंका घेतली नाही. दोन पिढ्या आम्ही आसपासच्या मोऱ्यांना भाऊबंद धरून आहोत. (घरातली नावं इथे देत नाही. त्याला धाकटाच म्हणू.)

आता गंमत. या वेळी भाचीने मोबाइलवर फोटो काढून एका मोडी शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. ती म्हणाली, 'मोरेस' नाही, 'मोरसास' आहे. मोरस म्हणजे मॉरिशस!

पुढचं वाक्य तिने असं लावलं : त्याची खबर आली आहे, खबर आलियापासून बारा वर्षे वाट पाहावी, आलियास त्याचा वाटा त्यास द्यावा, न आलियास मधल्याकडे राहावा.

तारीख शके १७६५, मार्गशीर्ष. म्हणजे १८४३. प्रश्न दोन. हे वाचन बरोबर आहे का? आणि असेल तर इथून पुढे शोधायचं कुठे?

टाक_आणि_बोरू
शनिवार, रात्री ११:०५

फोटो पाहिला. भाचीच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा, 'मोरसास'च आहे. आधीच्या जाणकारांना दोष देऊ नका. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, टाक न उचलता ओळ पळते. त्यात तुमच्या कागदावर वरच्या ओळीतल्या अक्षराची शेपटी नेमकी 'र'वर उतरली आहे. ती मात्रा समजली की 'मोरेस' झालंच. त्यांनी आजोबांची गोष्ट आधी ऐकली असणार, मग डोळ्यांना तेच दिसतं. माझंही असं झालेलं आहे. म्हणून मी आता कागद वाचायच्या आधी घरच्यांना गोष्ट सांगू देत नाही.

मोरस म्हणजे मॉरिशस हे नक्की. तिथून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत. ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे गेलं नव्हतं, त्यांनाही शब्द माहीत होता.

पण तारखेबद्दल थांबा. मृत्युपत्र सुरू होतं तिथे, शकाच्या आकड्याच्या पुढे, संवत्सराचं नाव असेल. तेवढ्या भागाचा जवळून फोटो टाका. आकडा ६ आहे की ९, मला खात्री नाही.

कौलारू
रविवार, सकाळी ८:३०

टाकला आहे. मला 'श्री' दिसतंय, पुढचं कळत नाही.

टाक_आणि_बोरू
रविवार, सकाळी ९:१८

'श्रीमुखनाम संवत्सरे'. मिटला प्रश्न. शके १७६५ ला शोभन संवत्सर येतं. श्रीमुख येतं ते १७९५ ला. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रम. १७९५ आणि १२ म्हणजे १८०७, बाकी ७. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापति, अंगिरा, श्रीमुख. सातवं.

तेव्हा तुमचा कागद १८७३ च्या अखेरचा, १८४३ चा नव्हे. (शकात ७८ मिळवायचे. पौष-माघ-फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदलतं, तिथे ७९ लागू शकतात. मार्गशीर्षाची अखेरही कधी कधी जानेवारीत जाते, पण त्या वर्षी तो डिसेंबरातच संपला.)

बेलाचं_पान
रविवार, सकाळी ९:४०

हा तीस वर्षांचा फरक फार मोठा आहे बरं का. मॉरिशसला मजूर न्यायला १८३९ मध्ये बंदी आली होती. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ती वाट पुन्हा उघडली. कागद १८४३ चा असता तर गडी पहिल्याच जहाजांपैकी एकावर चढला असं म्हणावं लागलं असतं, आणि तुम्ही एकाच वर्षाच्या नोंदी चाळत बसला असता. आता १८४२ ते १८७३ सगळा काळ खुला आहे. मृत्युपत्राची तारीख तो कधी गेला ते सांगत नाही, त्या तारखेपर्यंत तो गेलेला होता एवढंच सांगते.

उंबरठा
रविवार, दुपारी १:१५

मी दिवाणी वकिली करते, त्यामुळे थोडं रुक्ष लिहिते.

पहिली गोष्ट, असा कागद घरात असणं हेच नशीब. एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आली. त्यामुळे कोकणातल्या शेतकरी घरात जुनं मृत्युपत्र सहसा सापडत नाही. सापडलं तर तो माणूस वाटणी होऊन वेगळा झालेला, किंवा स्वतः कमावलेला, आणि बहुधा निपुत्रिक. मुलगा असलेला माणूस कशाला लिहील? मिळकत आपोआप जायचीच होती. निपुत्रिकाला मात्र भाऊ, पुतणे, बहिणी, भाचे सगळ्यांचा हिशेब मांडावा लागतो. परदेशी गेलेला त्यातच सापडतो.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं : जो गेला त्याचं मृत्युपत्र शोधत बसू नका. जो घरी राहिला आणि ज्याला मूल नव्हतं, त्याचं शोधा. निपुत्रिक विधवा आत्या किंवा काकू असेल तर तिचंही. स्त्रीधनाची वाटणी करताना बायका कोणाला विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट, कागदावर 'मृत्युपत्र' असंच लिहिलेलं असेल असं नाही. व्यवस्थापत्र म्हणतात, दत्तकपत्राच्या पोटात वाटणी असते, कधी बक्षीसपत्र असतं.

तिसरी गोष्ट, नोंदणी. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत, हे नियम आणले, पण आपल्या इलाख्यात ते मुंबई शहरापुरते. शहराबाहेरच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना ते बंधन आलं १ जानेवारी १९२७ पासून. त्यामुळे राजापुरातला १८७३ चा कागद हायकोर्टाच्या प्रोबेटमध्ये (कोर्टाने खरी ठरवलेल्या मृत्युपत्रांत) शोधू नका, तिथे तो जायचं कारणच नव्हतं. मुंबईत मिळकत असलेल्यांनी मात्र हायकोर्टात जरूर बघावं. हायकोर्ट १८६२ चं, त्याआधी १८२० च्या दशकापासून सुप्रीम कोर्ट आणि त्याच्याही आधी १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट होतं.

गावाकडच्या कागदाची नोंदणी झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडे. मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं, पुस्तक क्रमांक ३. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे करून देणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, पण तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. वारस असायची गरज नाही. ऑनलाइन शोधात वेळ घालवू नका, ते मुंबईचं १९८५ पासूनचं आणि बाकी महाराष्ट्राचं २००२ पासूनचं आहे.

कौलारू
बुधवार, रात्री ९:५०

ताई, तुमचं कलम कागदावर लिहूनच घेऊन गेलो होतो. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या टेबलावर 'वारस दाखला आणा'. कलम दाखवलं तर 'साहेब रजेवर आहेत'. मग एका शिपाईमामांनी जिन्याखालची खोली उघडून दाखवली. पुस्तकं आहेत, पण त्या वर्षाचं पुस्तक ३ फुगून वीट झालंय. पानं सुटत नाहीत, सोडवायला गेलं तर हातात येतील. मी हात लावला नाही. अर्ज देऊन पोच घेतली.

उंबरठा
बुधवार, रात्री १०:२०

हात लावला नाहीत ते उत्तम केलंत. घरची मूळ प्रत असताना नोंदणीच्या नकलेवाचून तुमचं अडत नाही. तिचा उपयोग एवढाच होता की वाळवीने खाल्लेला कोपरा भरून निघाला असता.

तिरकस
गुरुवार, सकाळी ७:५५

सगळे फार उत्साहात आहात म्हणून विचारतो. 'मोरसास गेला' म्हणून थोरल्याने लिहिलं. तो पोचला कशावरून? जहाजावर माणसं मरत. मुंबईतच कुठे गिरणीत किंवा गोदीत राहिला आणि घरी मोरस सांगितलं, असंही होऊ शकतं. आणि मृत्युपत्र खरं कशावरून? स्टॅम्प नाही, सही नाही, नुसती कसली तरी चित्रं आहेत खाली.

टाक_आणि_बोरू
गुरुवार, सकाळी ८:४०

ती 'कसली तरी चित्रं' म्हणजेच सह्या. लिहिता न येणाऱ्या कुणब्याने नांगर काढायचा, तलवारबहाद्दराने कट्यार, वाण्याने तराजू. बाईच्या नावापुढे बांगडीची निशाणी. तुमच्याआमच्या गिचमिड सहीपेक्षा तो नांगर जास्त बोलतो. त्यावरून घरात धंदा काय होता ते कळतं.

उंबरठा
गुरुवार, सकाळी ९:०५

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, आजही नाही. पोचल्याच्या मुद्द्याबद्दल मात्र तिरकस यांचा प्रश्न रास्त आहे. पण कागदातलं दुसरं वाक्य पुन्हा वाचा. 'त्याची खबर आली आहे.' आणि बारा वर्षं मोजायची ती तो गेल्यापासून नव्हे, खबर आल्यापासून. बारा वर्षं माणसाची वाट पाहायची आणि मग पालाशविधी करून त्याला मृत धरायचं, ही जुनी रीत. (१८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षं होती, पण गावात तो कोण वाचत होतं!) थोरल्याने मुदत खबरीपासून धरली, म्हणजे त्याच्या मते धाकटा तेव्हा जिवंत होता. कोणीतरी तिकडून परत येऊन सांगितलं असणार. मॉरिशसला गेलेल्यांतले तीनातला एक जण परत येई.

तिरकस
गुरुवार, सकाळी ९:३०

हे पटलं. मागे घेतो.

दोन_समुद्र
गुरुवार, रात्री ११:४५

कामानिमित्त मी तीन वर्षं मॉरिशसमध्ये होतो, तिकडची बाजू सांगतो.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं भारतातून तिथे उतरली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, मग तमिळ आणि तेलुगू, मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. उतरायचे ते पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर. आता तो जागतिक वारसा आहे, सोळा पायऱ्या अजून आहेत. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. तो नंबर म्हणजे तुमच्या शोधाची किल्ली. पुढे लग्न, मूल, जमीन, मृत्यू, कुठल्याही सरकारी कागदात नावाशेजारी तो नंबर भेटतो.

रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यात नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज आणि तारीख. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटोचा पास बाळगावा लागे, त्यामुळे काहींचे फोटोही आहेत. सगळ्यांचे नाहीत, आशा लावू नका.

आता अडचणी.

आडनावाने शोधू नका. आडनाव लिहिलेलंच नसतं. पुढे त्या माणसाचं एकट्याचं नाव किंवा त्याच्या बापाचं नावच घराण्याचं आडनाव बनलं, तेही कानाला ऐकू आलं तसं, इंग्रजी-फ्रेंच कारकुनाच्या हातचं. तुमच्याकडच्या धाकट्याचं पाळण्यातलं नाव आज तिथे अख्ख्या खानदानाचं आडनाव असू शकतं.

जिल्हा सिंधुदुर्ग शोधू नका, तो १९८१ चा. जुन्या कागदात 'रुटनागेरी' असं काहीतरी दिसेल. गावाचं नाव तर विचारू नका. मला एकदा एक नाव वाचायला दिलं होतं, ते मोठ्याने चार वेळा म्हटल्यावर खारेपाटण निघालं.

आणि तिकडच्या मृत्युपत्राबद्दल. बेट १८१० मध्ये इंग्रजांनी घेतलं तरी दिवाणी कायदा फ्रेंचच राहिला. तिथे मृत्युपत्र आणि जमिनीचं खरेदीखत नोटरीपुढे होई. त्या कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो, बाप तो काढून घेऊ शकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरमळ्यांचे तुकडे पडले तेव्हा बऱ्याच जुन्या मजुरांनी लहान लहान जमिनी घेतल्या. धाकट्याने घेतली असेल तर नोटरीच्या फ्रेंच कागदात सापडेल.

बेलाचं_पान
शुक्रवार, सकाळी १०:००

अवांतर : सगळेच मोरसाला जात नव्हते. जुन्या कागदात जंगबार दिसलं तर ते झांझिबार. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं, कराची १९३६ पर्यंत, आणि रंगून १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात. तिथे गेलेला माणूस कागदोपत्री 'परदेशी' नसतोच, म्हणून घरचे नुसतं 'नोकरीस आहे' लिहून मोकळे होतात. माझ्या आईच्या काकूच्या मृत्युपत्रात एका पुतण्याला 'कराचीवाला' एवढंच म्हटलंय. तिला पुरेसं होतं, आम्हाला नाही.

घाटावरची
शुक्रवार, दुपारी ४:२०

शोध वगैरे छान, पण एक विचारू? त्या धाकट्याचे वंशज खरंच सापडले आणि म्हणाले, आमचा वाटा? मृत्युपत्रात तर स्पष्ट लिहिलंय, आलियास द्यावा.

कौलारू
शुक्रवार, रात्री ८:१०

अगदी हेच आमच्या चुलतभावाने विचारलं! त्याने फोटो ग्रुपवरून काढायला लावला.

उंबरठा
शुक्रवार, रात्री ८:५५

चुलतभावाला सांगा, मृत्युपत्रातली अट 'तो आला तर' अशी आहे आणि बारा वर्षांची आहे. ती मुदत जाऊन शतक लोटलं. शिवाय दाव्याला मुदतीचा कायदा आहे आणि आधी प्रत्येक पिढीचं नातं सिद्ध करावं लागतं. मॉरिशसचा माणूस राजापुरातल्या दीड गुंठ्यासाठी हे करणार नाही. सख्खे भाऊ मात्र करतात, रोज बघते.

एक करा. गावच्या जुन्या फेरफार नोंदी काढा. धाकट्याचं नाव वारसांत लावून पुढे 'परागंदा' किंवा 'बेपत्ता' म्हणून कमी केलं असेल तर तोही एक पुरावा.

टाक_आणि_बोरू
शुक्रवार, रात्री ९:३०

आणि साक्षीदार! इतके दिवस कोणी त्यांच्याकडे बघितलंच नाही. तुमच्या कागदाखाली चार साक्षी आहेत. तिसऱ्याच्या नावापुढे मी वाचतो ते असं : 'याचा लेक समागमे गेला'. म्हणजे शेजारच्या घरचा पोरगा धाकट्याबरोबर गेला होता. हे वाळवीच्या अगदी काठावर आहे, थोडक्यात वाचलंय.

दोन_समुद्र
शुक्रवार, रात्री ९:४५

हे फार मोलाचं आहे. एकट्या नावाने शोधलंत तर एकाच नावाचे वीस निघतील. एका गावचे दोघे एका जहाजावर असतील तर नंबर मागेपुढे लागलेले असतात. मोक्याला लिहिताना दोन्ही नावं, दोघांच्या बापांची नावं, तालुका आणि १८४२ ते १८७३ हा काळ द्या. गावाचं नाव तीन-चार प्रकारे रोमन लिपीत लिहून पाठवा.

कौलारू
सुमारे चार महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:००

धागा वर काढतोय, कारण उत्तर आलं.

धाकट्याच्या नावाचे आणि बापाचं नाव जुळणारे तिघे निघाले. तिघांची वयं आसपासची. नुसतं मृत्युपत्रातलं नाव घेऊन बसलो असतो तर चिठ्ठ्याच टाकाव्या लागल्या असत्या. पण तिघांतल्या एकाच्या लगेच पुढच्या नंबरावर शेजारच्या घरचा पोरगा आहे, बापाच्या नावासकट. दोघांचं गाव एकच लिहिलंय. ते आमच्या गावासारखं अजिबात दिसत नाही, पण काकांनी मोठ्याने वाचलं आणि आम्ही सगळे हसलो. आमच्याकडचे म्हातारे गावाचं नाव जसं चावून म्हणतात, तसंच कारकुनाने उतरवलंय.

साल १८६० च्या दशकातलं. वय बावीस. उंची पाच फूट दोन इंच. खूण, कपाळावर डाव्या बाजूला व्रण. फोटो नाही.

तिरकस, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो : शंभर टक्के खात्री नाही. पण फेरफारात 'परागंदा' सापडलं, आणि आमच्या मापाने एवढं पुरतं. नोटरीच्या कागदांसाठी तिकडच्या एका ओळखीच्यांना लिहिलंय.

तिरकस
रविवार, संध्याकाळी ६:४०

नाही विचारत. व्रण कशाचा असेल एवढाच विचार करतोय.

टाक_आणि_बोरू
रविवार, संध्याकाळी ७:०२

वा! घरच्यांना सांगितलंत का? आणि मोऱ्यांचं काय?

कौलारू
रविवार, रात्री ८:१५

सांगितलं. आमची आत्या शहाऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, म्हणून सगळं तिला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग कागद घडी करून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मग मला मोऱ्यांकडून मागणी आली होती ती भाऊबंद म्हणून का मोडलीत रे?"

मी काही बोललो नाही. काका उठून पडवीत गेले.